तळहातावरचं नाटक

कॉम्प्युटरात कोणती सिस्टीम टाकावी हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच मनापासून पडला, आणि तोही माझ्यासाठी नव्हता. दादासाठी होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीचा प्रॉम्प्टर. माझी आमगावात टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. धानाच्या गोदामाला लागून पत्र्याची खोली आणि दिवसभर टाइपरायटरचा खडखडाट. नव्व्याण्णव साली मी तिथं पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा दादा दारात उभा राहून म्हणाला होता, हे काय टीव्हीले टाइपरायटर जोडून आणलंस? मी म्हटलं, हव, तेच समज.

आमच्या झाडीतलं नाटक कसं चालतं ते बाहेरच्या माणसाला सांगावंच लागतं. दिवाळी झाली की मंडई लागते. गावोगाव जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात, आणि जेवणं उरकली की नाटक. होळीपर्यंत हे चालू. कंपनी आज या गावात, उद्या त्या गावात, आणि प्रत्येक गावाला वेगळं नाटक पाहिजे. नट पाठ करायला बसला तर हंगाम निघून जाईल. म्हणून आमच्याकडे पाठांतर करतच नाहीत. विंगेत प्रॉम्प्टर बसतो, नटाच्या अर्धं वाक्य पुढे राहतो, आणि नट त्याचं ऐकून बोलतो. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे नट पहिल्या दिवशी याला हसतात आणि दुसऱ्या दिवशी प्रॉम्प्टरला बोलावून चहा पाजतात.

दादानं हे काम आमच्या मोहल्ल्यातल्या चौदा एप्रिलच्या नाटकांपासून केलं. कोणता नट कुठं श्वास घेतो, कोणाला शब्द आधी द्यायचा, कोणाला अगदी तोंड उघडल्यावर, हे त्याला ठाऊक. त्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू जात नसे आणि नटाला चुकत नसे. कंपनीत सगळे त्याला मास्तर म्हणायचे. पावसाळ्यात तो लोकांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जायचा, पण त्याला कोणी काय करतोस विचारलं तर भर चिखलात उभा राहून सांगायचा, मी प्रॉम्प्टर आहे.

आणि त्याचेच डोळे बिघडले. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं, मग पुस्तकातली ओळ अर्धी दिसायची आणि अर्धी नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आतला पडदा सुकत चाललाय, औषध नाही, आहे तेवढं जपा. जपा म्हणजे काय करा? डोळे काय लोणच्याची बरणी आहे, फडकं बांधून फळीवर ठेवायला? मी तिथंच तडकले. दादाला राग आला नाही. बाहेर आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "मंडईपर्यंत राहतील का वं?"

त्या मंडईपर्यंत राहिले, पण कामाचे राहिले नाहीत. विंगेतल्या मिणमिणत्या बल्बात त्याला कागद दिसेना. जुनी नाटकं आठवणीवर निभावली. नवीन नाटक आलं की अडायचं. एका दुपारी वहिनी त्याला गावाहून घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये आली. मी तेव्हा कंपनीच्याच एका नाटकाची प्रत कॉम्प्युटरवर टाइप करत होते. सहज म्हणून मी पडदा काळा केला, अक्षरं पांढरी केली आणि सुपारीएवढी मोठी केली. दादा खुर्ची ओढून बसला आणि प्रॉम्प्टरच्या आवाजात, तसाच दबका, अख्खा अंक वाचून गेला. शिकायला आलेल्या पोरींनी टायपिंग थांबवलं. वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती. मी रडले, लपवून काय करायचं.

पण कॉम्प्युटर विंगेत नेणार कसा? डबा, पडदा, तारा, आणि करंटचा पत्ता नाही. उपाय अचानक दिसला. औषध कंपनीचा एक प्रतिनिधी टायपिंगच्या परीक्षेचं विचारायला आला होता, त्याच्या हातात तळहाताएवढा कॉम्प्युटर होता. काडीनं टोचून तो त्यावर ऑर्डरी लिहायचा. पडद्याला स्वतःचा उजेड! मी तो त्याच्या हातून जवळजवळ हिसकावलाच. महिनाभरात तसाच एक वापरलेला गोंदियाच्या दुकानदाराकडून आणला. दुकानदार म्हणाला, "दीदी, चीज़ बढ़िया है, बस आपका कंप्यूटर इसको पहचानना चाहिए."

तिथून सिस्टीमचं सुरू झालं. हातातल्या यंत्रात नाटक आपोआप जात नाही, ते मोठ्या कॉम्प्युटरातून तारेनं भरावं लागतं, आणि त्यासाठी दोघांचं पटावं लागतं. लग्नासाठी स्थळं पाहतात तसं मी केलं. माझ्याकडं दोन कॉम्प्युटर होते, दोन्हीवर जुनी अठ्ठ्याण्णवची विंडोज. ती पोरींच्या टायपिंगला उत्तम, पण हातातल्या यंत्राकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. तार लावा, काढा, पुन्हा लावा, काही नाही. मग गोंदियाच्या कॉलेजातले एक प्राध्यापक रविवारी येऊन लिनक्स टाकून गेले. फुकट आहे, मोकळी आहे, कुणाच्या बापाची नाही, असं त्यांनी तिचं कौतुक केलं. असेल बाप्पा. पण तिनंही यंत्राला ओळख दिली नाही, आणि वर आमच्या मराठीची वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे करून ठेवलं. प्राध्यापक म्हणाले, ताई, थोडा धीर धरा, पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळं जमेल. मी म्हटलं, सर, डोळ्यांना सांगा धीर धरायला.

शेवटी एक्सपी टाकली. तार लावताबरोबर टिंग असा आवाज आला आणि यंत्राचं नाव पडद्यावर उमटलं. मी टाळी वाजवली. पण एक्सपीवर पोरींच्या परीक्षेचा टायपिंगचा प्रोग्राम चालेना. दोहोंपैकी एक कॉम्प्युटर एक्सपीला द्यायचा म्हणजे पोरींना अर्धाच वेळ मिळणार. पोरी कुरकुरल्या, एकीचा बाप भांडायला आला, आम्ही काय तुमच्या भावाच्या नाटकासाठी फी भरतो का म्हणाला. त्याचं खरं होतं. तरी मी तो कॉम्प्युटर दादाला दिला. कोणती सिस्टीम चांगली हे मला आजही सांगता येणार नाही. दादाच्या हातातल्या वस्तूशी जिचं जमलं ती माझ्यासाठी चांगली.

नाटक भरलं, यंत्र उघडलं, आणि आत सगळं इंग्रजी गिचमिड. झालं! आमची टायपिंगची जुनी मराठी आतून इंग्रजीच असते, इंग्रजी अक्षराला वरून मराठीचा सदरा चढवलेला. यंत्राकडं सदरेच नव्हते, म्हणून अक्षरं उघडी पडली. प्राध्यापकांच्या सांगण्यावरून एक प्रवेश नव्या पद्धतीच्या मराठीत पुन्हा टाइप केला, तर यंत्रानं नुसते चौकोन दाखवले. आठवडाभर मी जेवणात लक्ष दिलं नाही, विचारायला आलेल्या वहिनीवर उगाच खेकसले. मग एकदा चिडून त्या फॉन्टचीच फाइल, म्हणजे सदऱ्यांचं अख्खं गाठोडं, तारेतून यंत्रात ढकललं. आणि पहिल्या अंकाचं पहिलं वाक्य मराठीत उभं राहिलं. दादानं यंत्र डाव्या तळहातावर घेतलं, अंगठा पान उलटायच्या बटणावर ठेवला आणि वाचायला लागला. मधेच थांबून म्हणाला, "आता मी मरतोवर प्रॉम्प्टर."

तो हंगाम चांगला गेला. विंगेतल्या अंधारात दादाच्या हनुवटीवर निळा उजेड पडायचा आणि नट मंडळी त्याला मोबाइलवाला मास्तर म्हणून चिडवायची. दर तीन-चार दिवसांनी तो मिळेल त्या गाडीनं आमगावला यायचा, कारण नवीन नाटक भरायचं तर माझाच कॉम्प्युटर लागायचा, आणि त्यातलीही तीच सिस्टीम. मी नाटक भरून द्यायची, तो दुपारी पाठ न करता नुसतं एकदा वाचून काढायचा, आणि मी बांधून दिलेला डबा घेऊन निघायचा. पान उलटायला यंत्राला जरा वेळ लागायचा, तर त्यानं पानाची शेवटची ओळ लक्षात ठेवून अंगठा आधीच दाबायची सवय लावून घेतली. त्या दिवसांत मी त्याला कधी खचलेलं पाहिलं नाही.

पुढच्या मंडईत नवं कोरं नाटक आलं. सडक अर्जुनीजवळच्या एका गावात पहिला प्रयोग होता, म्हणून वहिनी आणि मी मुद्दाम गेलो. कंपनी त्याआधी नागझिऱ्याच्या कडेच्या दोन-तीन गावांत होती. भारनियमनाचे दिवस, तिकडं लाइट यायची कधी आणि जायची कधी कोणाला ठाऊक नसायचं. त्या दौऱ्यात यंत्राची बॅटरी पार संपली आणि ते बंद पडलं. दादाला त्याचं काही वाटलं नाही. कोहमाऱ्याला कंपनीची गाडी ढाब्यावर जेवायला थांबली, तिथं जनरेटर होतं. त्यानं यंत्र तिथं लावलं, सगळ्यांची जेवणं, पान-तंबाखू, गप्पा होईपर्यंत हिरवा दिवा लागला, आणि त्यानं ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

उघडून पाहिलं नाही. काऊन पाहील? भारनियमनात राहणारा माणूस भरलेली वस्तू उगाच चालू करत नाही. आमच्याकडं सगळेच तसे. टॉर्च असो, रेडिओ असो, मोबाइल असो, भरून घ्यायचं आणि कामाच्या वेळेलाच काढायचं. सेल संपला म्हणून टॉर्चचं काय जातं? नवा घातला की पुन्हा उजेड. या यंत्राची बॅटरी पूर्ण मेली की आतलं सगळंच जातं, नाटक जातं, सदऱ्यांचं गाठोडं जातं, ते दुकानात नवं होतं तसं होतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी नंतर वाचलं. सोबतच्या इंग्रजी पुस्तकात कुठंतरी मागं, बारीक अक्षरात लिहिलं होतं.

आम्ही बायकांच्या बाजूला पुढंच बसलो होतो. पडदा वर गेला, बाहेरून आणलेला मोठा नट इन्स्पेक्टरच्या वेशात आला, टाळ्या झाल्या. तो थांबला. टेबलावर छडी आपटली आणि पुन्हा थांबला. मग बोलला, चार-पाच वाक्यं बरोबर बोलला. दादा ते नाटक आमगावात एकदा वाचून गेला होता, तेवढं त्याच्या डोक्यात होतं. त्यानंतर इन्स्पेक्टर अचानक सावकाराची वाक्यं बोलायला लागला. दुसऱ्याच नाटकातली. दादाच्या आठवणीचा हात जिथं पोचला तिथलं त्यानं दिलं, आणि नटानं बिचाऱ्यानं ते घेतलं. लोक आधी हसले. मग शिट्ट्या. मग एक दगड येऊन पत्र्यावर वाजला. आणि विंगेतून आवाज यायला लागला, मोठा, अडखळत वाचणारा, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाणारा. तो कंपनीच्या मालकाचा होता. वहिनीनं माझा हात धरला. दोघींनाही कळलं.

दादा मला मांडवामागं, कंपनीच्या ट्रकच्या आडोशाला सापडला. यंत्र हातातच होतं, चालू होतं. नवं यंत्र सुरुवातीला विचारतं तसं त्याच्या पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की मधल्या खुणेवर काडीनं टोचा. खूण म्हणजे केसाएवढी बारीक फुली. ती खूण टोचल्याशिवाय यंत्र पुढं सरकत नाही. दादाला ती दिसत नव्हती. तो काडीनं पडद्यावर इकडं टोचत होता, तिकडं टोचत होता.

"याच्यात नाटकच नाही वं," तो म्हणाला. "मी भरून आणलं होतं ना? तूच भरलं होतं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी आमगावात तार लावली आणि अर्ध्या तासात सगळं जसंच्या तसं परत आलं. त्यानंच माझं डोकं जास्त फिरलं. गोंदियाच्या दुकानदाराला जाऊन झाडलं, तर तो म्हणे, दीदी, कार्ड नहीं लगाया था क्या, कार्ड में रहता तो बच जाता. आता बोला! मी ते मेमरी कार्डही घेतलं. पण तोवर मालकानं वडशाहून दुसरा प्रॉम्प्टर आणला होता. दादाला त्यानं घरी येऊन, चहा पिऊन, खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मास्तर, यंदा तुम्ही आराम करा."

मी वडशाला मालकाच्या नाटकांच्या बुकिंगच्या ऑफिसात जाऊन भांडले. चूक यंत्राची होती, माणसाची नाही, आणि ती चूक आता होणार नाही, असं टेबलावर हात आपटून सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की ताई, मला पटतं, पण नट तयार नाहीत. स्टेजवर उभा राहणारा सगळा जीव विंगेकडं लावून उभा असतो, तिथं पुन्हा शांतता झाली तर, ही भीती त्यांच्या मनातून मी कशी काढू? परतीच्या गाडीत मी वाटभर मालकाला मनातल्या मनात शिव्या देत आले आणि त्या खोट्या होत्या हे मला ठाऊक होतं.

त्यानंतर कोणत्याच कंपनीनं बोलावलं नाही. आमच्याकडं अशी गोष्ट गावोगाव पोचायला वेळ लागत नाही. दादा तरी आठवड्याला आमगावला यायचा, नवीन काय टाइप केलंस विचारायचा, यंत्रात भरून न्यायचा. घरी ओसरीत भिंतीकडं तोंड करून बसायचा आणि दबक्या आवाजात प्रॉम्प्टिंग करायचा, मधे थांबायचा, जणू समोरचा बोलतोय. बॅटरी रोज भरायचा. वहिनी मला हळूच म्हणायची, भिंतीले नाटक सांगून राहिले. मी तिच्यावर ओरडायची की सांगू दे ना, तुझं काय जातं. तिचं जात होतं, ते मला तेव्हा दिसलं नाही. दिवसभर ते ऐकत तिलाच घर करायचं होतं.

दहा सालाच्या सुमाराला एक्सपीचा तो कॉम्प्युटर जळाला. नवा घेतला, त्यात नवी विंडोज होती, आणि तिनं दादाच्या यंत्राला साफ झटकून टाकलं. मी पुन्हा सगळी वरात काढली, गोंदिया, प्राध्यापक, जुन्या सीड्या. जुनी सिस्टीम नव्या मशीनवर बसेना आणि नवी सिस्टीम जुन्या यंत्राला घेईना. दुकानदार हसून म्हणाला की ये तो अब म्यूज़ियम का माल है. मी त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाही. काही महिन्यांत यंत्राची बॅटरी फुगली आणि मागचं झाकण उचललं गेलं. वहिनीनं ते फडक्यात बांधून कपाटावर ठेवलं. दादा भिंतीपुढं बसायचा बंद झाला. मग कोणाशी बोलायचाही फारसा नाही.

टाइपरायटर तोवर भंगारात गेले होते, परीक्षाही कॉम्प्युटरवर आल्या, माझ्या पोरी कमी झाल्या. आणि मग हे नवे मोबाइल आले. एका पोरीच्या हातात मी पाहिलं, मराठी बातमी वाचत होती ती, स्वच्छ मराठी, वेलांटी जागच्या जागी. मी विचारलं, यात कोणता फॉन्ट टाकलास, कोणत्या सिस्टीमवरून भरलंस? तिला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाली, मॅडम, काहीच नाही टाकलं, असंच येते. मला इतका राग आला की मी तिला वर्गाबाहेर काढलं. पोरीची काय चूक?

तसाच मोबाइल मी घेतला. कॉम्प्युटर लागला नाही, तार लागली नाही. दादाची सगळी नाटकं नव्या मराठीत करून त्यात घातली, पडदा काळा केला, अक्षरं पांढरी केली, एवढी मोठी की एका वेळी तीनच शब्द मावतील. उजेड शेवटपर्यंत वाढवला. आणि दुपारच्या गाडीनं त्याच्या घरी गेले.

तो ओसरीत बाजेवर बसला होता. मी सांगितलं की दादा, यात सगळं आहे, आता कोणाच्या कॉम्प्युटरची गरज नाही, आणि बॅटरी मेली तरी काही उडत नाही. त्यानं हात पुढे केला. मी त्याच्या तळहातावर मोबाइल ठेवला. त्यानं अंगठ्यानं बटण शोधलं, कडेकडेनं चाचपलं. मग मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मान वाकडी करून बाजूनं पाहिलं. ओसरीत अंधारच होता, अक्षरांचा पांढरा उजेड त्याच्या गालावर पडला होता. वहिनी माझ्याकडं पाहत होती. ती उठून आत गेली.

"चालू कर ना मंग," दादा म्हणाला.

मी म्हटलं, करते.

त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला लागला.